आमच्या वतीने बोलणारा एजंट नेमला कोणी?

सध्या एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. यापुढे माणसांना घासाघीस करावी लागणार नाही. तुमच्या वतीने तुमचा सॉफ्टवेअर एजंट बोलेल, समोरच्याच्या वतीने त्याचा एजंट बोलेल, दोघे मिळून क्षणात भाव ठरवतील आणि सौदा झाल्याचा निरोप तुमच्या फोनवर येईल. मालाचा भाव, घराचे भाडे, कामाचा मोबदला, कर्जाचा हप्ता, सगळे असेच ठरेल. ही नुसती कल्पनाही राहिलेली नाही. वॉलमार्टने २०२१ पासून आपल्या पुरवठादारांशी बोलणी करायला पॅक्टम नावाच्या कंपनीचे सॉफ्टवेअर लावले. पहिल्याच प्रयोगात शंभरातल्या साठाहून अधिक पुरवठादारांनी त्या यंत्राशी करार केला. गूगलने एप्रिल २०२५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या एजंटांनी एकमेकांशी कसे बोलावे याचे नियमच जाहीर केले.

या कौतुकाच्या शेवटी एक वाक्य हमखास येते: यंत्राला जात नसते.

हे वाक्य आम्हाला ओळखीचे आहे. आगगाडी आली तेव्हा ते म्हटले गेले, गिरणी आली तेव्हाही म्हटले गेले. मुंबईत वाफेच्या इंजिनाला जात नव्हती, मागालाही नव्हती. तरी परळ-लालबागच्या गिरण्यांत आमचे आजे-पणजे रिंग खात्यात राबले आणि जास्त पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद राहिले. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि अस्पृश्याने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड कसे लावणार! यंत्र बिनजातीचेच होते. जात होती यंत्राभोवतीच्या व्यवहारात. तेव्हा आताच्या एजंटांबद्दल बोलताना यंत्र किती हुशार आहे या चर्चेत आम्हाला रस नाही. त्याला मुखत्यारपत्र कोणी लिहून दिले आणि बोलणी फिसकटली तर कोणाच्या हाती काय उरते, हे आम्हाला विचारायचे आहे. या दोन प्रश्नांवर बाबासाहेबांनी आयुष्य खर्च केले आणि त्यातला मोठा भाग याच दादर-परळच्या पट्ट्यात.

आधी हे प्रकरण आहे काय ते समजून घेऊ. संगणकशास्त्रात अनेक स्वतंत्र एजंट एकत्र काम करतात अशा रचनेचा अभ्यास चाळीस-पन्नास वर्षे चालू आहे. यातला एक जुना आणि आजही वापरात असलेला नियम रीड स्मिथ या संशोधकाने १९८० मध्ये मांडला. ‘काँट्रॅक्ट नेट’ असे त्याचे नाव. एक एजंट व्यवस्थापक होतो आणि काम जाहीर करतो. बाकीचे एजंट बोली लावतात: मी हे काम इतक्या वेळात, इतक्या खर्चात करीन. व्यवस्थापक त्यातली सोयीची बोली निवडतो आणि काम देतो. सरळ, सोपे, कार्यक्षम.

मित्रांनो, आमच्या वस्त्यांतल्या जुन्या माणसांना हे चित्र दाखवले तर ते म्हणतील, अरे, हा तर गिरणीचा गेट! पहाटे भोंगा व्हायच्या आधी बदली कामगार गेटासमोर गर्दी करून उभे राहायचे. आज किती माग रिकामे आहेत, किती हात हवेत, हे जॉबरला माहीत असायचे. तो बोटाने खुणावून निवडायचा. निवडलेला आत, बाकीचे उपाशी परत. जॉबर हा गिरणीचा नोकर, पण कामगार भरणारा तोच, काढणारा तोच, दस्तुरी घेणारा तोच, अनेकदा व्याजाने पैसे देणाराही तोच. मालकाला वाटायचे हा आपला माणूस, कामगाराला वाटायचे गावचा आहे, आपला माणूस. ज्याच्या गावचा आणि जातीचा जॉबर नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने या जॉबरशाहीवर सडकून टीका केली, यावरून तिचे प्रस्थ किती होते ते कळावे.

आज त्याच गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती आहेत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसे आणि हॉटेले आली. संध्याकाळी तिथल्या हॉटेलांसमोर मोटरसायकलींवर बसलेली पोरे फोनकडे बघत थांबलेली असतात. हे आजचे बदली कामगार. जॉबर मात्र दिसत नाही, तो फोनच्या आत आहे. ऑर्डर कोणाला द्यायची, किती पैशांत द्यायची, हे तिथे सॉफ्टवेअर ठरवते. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशी कामे करणारे सुमारे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यात आमची पोरे किती, हे कोणी मोजत नाही. दुपारी हिंदू कॉलनीच्या कोपऱ्यावर उभे राहून विचारा, कळेल.

एक बारीक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. एजंटांच्या भाषेचे जे प्रमाण नियम एका आंतरराष्ट्रीय संस्थेने विसाव्या शतकाच्या अखेरीस बनवायला घेतले, त्यांत ‘प्रस्ताव मांडतो’, ‘स्वीकारतो’ यांच्या बरोबरीने ‘नकार देतो’ ही क्रियाही आहे. म्हणजे शास्त्रज्ञांच्या कागदावर एजंटाला नाही म्हणण्याचा हक्क आहे आणि नाही म्हटल्याबद्दल त्याला शिक्षा नाही. तो नाही म्हणतो, व्यवस्थापक दुसऱ्याकडे जातो, विषय संपला. डिलिव्हरीच्या पोराच्या फोनवरही नकाराचे बटण असते. पण ते दोन-चारदा दाबले की त्याचा स्वीकाराचा आकडा घसरतो, बोनस जातो, चांगल्या वेळेच्या पाळ्या दुसऱ्याला जातात. सॉफ्टवेअरच्या तुकड्याला जो हक्क कागदावर बिनशर्त मिळाला, तो रक्तामांसाच्या माणसाला सशर्त मिळाला. याला तांत्रिक अडचण म्हणू नका.

हा हक्क एवढा महत्त्वाचा का, याचे गणित जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञाने १९५० मध्ये मांडले. वाटाघाटीच्या शास्त्राचा तो पाया आहे आणि आजचे अनेक एजंट त्याच पायावर बांधतात. गणित अवघड नाही. समजा दोघांनी मिळून शंभर रुपये वाटून घ्यायचे आहेत. सौदा मोडला तरी पहिल्याच्या हातात चाळीस रुपये राहतात, दुसऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. दोघे सारखेच हुशार, सारखेच सभ्य, कोणी कोणाला फसवत नाही. तरी नॅशच्या हिशेबाने वाटणी सत्तर-तीस होते. आधी पहिल्याचे चाळीस बाजूला, मग उरलेले साठ निम्मे निम्मे. दुसऱ्याने कितीही गोड बोलावे, कितीही चांगला वकील करावा, हिशेब बदलत नाही. तो बदलतो एकाच गोष्टीने: सौदा मोडला तर दुसऱ्याच्या हाती काय राहील, हे बदलले तर.

आता १९३८ कडे बघा. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयक आणले. सक्तीची तडजोड आधी, ती प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी संप केला तर गुन्हा. वर मालकाची मान्यता असलेल्या संघटनेला कमी सभासदांवर नोंदणीची सवलत. बाबासाहेबांनी सभागृहात या विधेयकाची चिरफाड केली. त्यांचा मुद्दा असा होता की संप म्हणजे फार तर कराराचा भंग, त्यासाठी नुकसानभरपाई मागा. पण माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध काम करायला तुरुंगाच्या धाकाने भाग पाडणे ही गुलामगिरी आहे. पुस्तकी भाषेत सांगायचे तर, सौदा मोडल्यावर कामगाराच्या हाती जे एकमेव काही होते, तेच सरकार काढून घेत होते आणि वर म्हणत होते, या, आता समान पातळीवर बोलणी करू. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. पोलिसांनी गोळीबारही केला. कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे किती मतभेद होते हे आम्ही सांगायला नको, तरी त्या दिवशी ते एका व्यासपीठावर होते. ही सहकार्याची गोष्ट आहे, भाबडी मात्र नाही.

भाबडी का नाही, ते दहा वर्षे मागे गेल्यावर कळते. १९२८ चा मोठा गिरणी संप. संप समितीच्या मागण्यांची यादी लांबलचक, पण विणकाम खात्याचे बंद दार तिच्यात नव्हते. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपात राहू नका असे सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ते मान्य केले. मालकांकडे ही मागणी गेली तेव्हा त्यांनी उत्तर दिले की हा अन्याय असेलच तर तो आमचा नाही. खोचक होते, पण खोटे नव्हते. दार मालकाने नाही, शेजारच्या मागावरच्या भावाने लावले होते. सगळ्या कामगारांच्या वतीने बोलणारा एजंट म्हणजे आमच्याही वतीने बोलणारा एजंट, हे गृहीतक त्या दिवशी गिरणगावात उघडे पडले.

यंत्राला जात नसते म्हणणाऱ्यांसाठी एक प्रयोग सांगतो. तो आमच्या तरुणांनी नीट वाचावा, संगणक शिकणाऱ्यांनी तर स्वतः करून बघावा, शंभर ओळींचा प्रोग्रॅम पुरे. रॉबर्ट अॅक्सटेल, जोशुआ एपस्टीन आणि पेटन यंग या तीन अमेरिकी संशोधकांनी २००० च्या सुमारास संगणकात एजंटांची एक वस्ती उभी केली. दोन-दोन एजंट योगायोगाने भेटतात आणि एक भाकरी वाटून घेतात. प्रत्येकाने तीस, पन्नास किंवा सत्तर टक्के मागायचे. दोघांची मागणी मिळून शंभरावर गेली की दोघांना काहीच नाही. प्रत्येकाला आधीच्या थोड्या भेटी आठवतात आणि त्यावरून तो यंदा काय मागायचे ते ठरवतो. मग संशोधकांनी एजंटांना रंगाचा टिळा लावला, अर्ध्यांना गडद, अर्ध्यांना फिका. टिळ्याला अर्थ काही नाही. कोणी जास्त हुशार नाही, कोणी बळकट नाही. तरी अनेकदा असे घडले की सुरुवातीच्या काही भेटींच्या योगायोगातून एका रंगाला दुसऱ्यापुढे सत्तर मागण्याची आणि दुसऱ्याला तीसवर समाधान मानण्याची सवय लागली. मग तीसवाल्याच्या दृष्टीने तीस मागणे हेच शहाणपण ठरते, कारण त्याला अनुभवाने माहीत आहे की समोरचा सत्तरच मागणार, पन्नास मागितले तर हातचे तीसही जातील. प्रत्येक जण आपापल्या परीने समंजस वागतो आणि अन्याय टिकून राहतो. त्याला कोणी हुकूम दिलेला नाही.

हे वाचले तेव्हा आम्हाला १९१६ आठवले. त्या वर्षी मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. एका मनूने बसून कायदा लिहिला आणि जात तयार झाली, हे त्यांनी तेव्हाच नाकारले. मनू हा आधीच असलेल्या रूढीला संहितेचे रूप देणारा. एका वर्गाने जातीतच लग्नाचे कुंपण घातले, बाकीच्यांनी अनुकरण केले, जे कुंपणाबाहेर गेले त्यांना बाहेर काढून नव्या जाती झाल्या. वरून कोणी हुकूम न देता, एकमेकांकडे बघत वागणाऱ्या असंख्य घटकांतून व्यवस्था कशी उभी राहते, याचे ते विश्लेषण आहे. बहु-एजंट रचना हे नाव नंतर आले.

पण अमेरिकी प्रयोगात एक मोठी उणीव आहे आणि ती आम्हीच दाखवली पाहिजे. त्यांच्या खेळात नाही म्हटले तर फक्त त्या फेरीची भाकरी जाते. आमच्याकडे नाही म्हटले तर विहीर जाते, गिरणीतले पीठ जाते, दुकानातले मीठ जाते, शेतातली मजुरी जाते. १९३० च्या स्टार्ट समितीच्या अहवालात सामाजिक बहिष्काराच्या या हत्याराची नोंद आहे, आणि बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. नॅशच्या भाषेत, सौदा मोडल्यावर आमच्या हाती शून्य नव्हे, शून्याच्याही खाली राहायचे. जाती हा केवळ योगायोगाने लागलेल्या सवयींचा ढीग असता, तर तो कधीतरी योगायोगाने मोडलाही असता.

आता पहिला प्रश्न, मुखत्यारपत्राचा. याचे उत्तर शोधायला पुणे करारापेक्षा मोठे प्रकरण नाही. जातीय निवाड्याने प्रांतिक विधिमंडळांत आम्हाला ७१ जागा दिल्या होत्या आणि त्या जागांवर कोण बसेल ते केवळ आमची माणसे ठरवणार होती. २० सप्टेंबर १९३२ ला गांधीजींनी येरवड्यात उपोषण सुरू केले. बोलणी मोडली असती आणि त्यांचे बरेवाईट झाले असते, तर गावोगावी आमच्या वस्त्यांवर काय ओढवले असते हे बाबासाहेबांना लख्ख दिसत होते. सौदा मोडल्याची किंमत एकाच बाजूने एवढी चढवली, की त्या बोलणीला समानांची बोलणी म्हणता येत नाही. तरीही २४ सप्टेंबरच्या करारात त्यांनी जागा ७१ वरून १४८ वर नेल्या आणि प्राथमिक निवडणुकीची तरतूद करून घेतली: आमच्या मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग सर्वांनी मिळून त्यातला एक. जागा दुपटीहून अधिक झाल्या. पण शेवटचा कौल आमच्या हातून गेला. आमच्या जागेवर बसणारा माणूस कोणाला खूश ठेवील, हे त्या एका बदलाने ठरले. १९४६ च्या निवडणुकीनंतर बाबासाहेबांनी हेच ब्रिटिशांपुढे मांडले की प्राथमिक फेरीत आमचे लोक कोणाला पसंती देतात आणि शेवटी निवडून कोण येतो, ते बघा.

एजंट आमच्या नावाने बसतो, आमच्या भाषेत बोलतो, आमचाच चेहरा लावतो, पण त्याला काढून टाकण्याची सत्ता आमच्याकडे नसेल, तर तो आमचा नाही. फोनमधला सहायक तुमच्याशी मराठीत कितीही आपुलकीने बोलो, तो कोणाच्या सर्व्हरवर चालतो, त्याला कोण बदलू शकतो, तो कोणाच्या फायद्याचा आकडा वाढवायला शिकवला आहे, हे विचारा. राखीव जागांवरून निवडून आलेले काही ‘आपले’ प्रतिनिधी आठवले तर हे समजायला वेळ लागू नये.

गिरणगावाने ही गोष्ट पुन्हा एकदा भोगली. १९३४ च्या कायद्याने मुंबई सरकारने कामगारांच्या तक्रारी मांडायला लेबर ऑफिसर नेमला: कामगारांचा एजंट, सरकारने नेमलेला. मग १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अॅक्ट आला. एका क्षेत्रातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना, बोलणी करील ती तीच. मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी ती होती काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघ, कचेरी परळला. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले ते डॉ. दत्ता सामंतांच्या मागे. पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे या मागण्यांबरोबर हा कायदाच रद्द करा, ही मागणी होती. म्हणजे अडीच लाख माणसे सांगत होती की हा आमचा एजंट नाही, आम्ही दुसरा नेमला आहे. कायदा म्हणत होता, तुमचा एजंट हाच. ज्याच्या मागे कामगार होते त्याच्याशी बोलणी नाहीत आणि ज्याच्याशी बोलणी होऊ शकत होती त्याच्या मागे कामगार नाहीत. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या गेल्या, जमिनी राहिल्या, आणि जमिनींचे काय झाले ते लोअर परळच्या पुलावरून दिसते. संप फसण्याला दुसरी कारणेही होती, मालकांना गिरण्या चालवण्यापेक्षा जमीन प्यारी झाली होती, हे खरेच. पण बोलणीचे दारच कुलूपबंद होते हे विसरून चालणार नाही.

आणि आता? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगार सभासद असलेली एकच वाटाघाटी करणारी संघटना मानली जाते. तशी कोणी नसेल तर वीस टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच आस्थापनांत. डिलिव्हरीच्या पोराचे नाव सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, ‘गिग कामगार’ म्हणून. औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येत ते नाही. त्याला कल्याण निधी मिळू शकेल, बोलणीच्या टेबलाशी खुर्ची नाही. दया चालेल, सौदा नाही! कर्नाटकाच्या २०२५ च्या कायद्याने निदान एवढे केले की यंत्राने घेतलेल्या निर्णयांची माहिती कामगाराला मिळाली पाहिजे हे लिहून ठेवले. आपल्याकडे ही मागणी आंबेडकरी संघटनांनी उचलायला हवी आणि माहिती मराठीत हवी, वाचता येईल अशी हवी.

सहकार्य हा शब्द ऐकला की सगळ्यांना चांगले वाटते. एजंट एकमेकांना सहकार्य करतात म्हणजे छानच! पण कोणाशी, कोणाविरुद्ध? काही इटालियन अर्थशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले की भाव ठरवणारी शिकाऊ सॉफ्टवेअरे एकमेकांशी एक शब्दही न बोलता चढे भाव टिकवायला शिकतात. एकाने भाव पाडला की दुसरा त्याला थोडा काळ धडा शिकवतो आणि दोघे परत चढ्या भावावर येतात. हेही सहकार्यच, गिऱ्हाइकाच्या खिशावर. मुंबईच्या गिरणीमालकांनी तर १८७५ मध्येच आपली असोसिएशन स्थापली, तिला कोणी कट म्हटले नाही. आमचे सहकार्य बघायचे तर ६ डिसेंबरला दादरला या. लाखो माणसे, शेकडो संघटनांचे भोजनदान, पुस्तकांचे स्टॉल, समता सैनिक दलाची रांग, आणि या सगळ्याचा एक मालक कोणी नाही. तीच माणसे निवडणुकीच्या टेबलावर बसली की काय होते तेही सर्वांना ठाऊक आहे. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र राहिले तेव्हा लोकसभेत चार खासदार गेले, एक तर मुंबई उत्तर मध्यमधून. मग प्रत्येक गटाने वेगळी बोली लावायला सुरुवात केली आणि समोरच्याने काँट्रॅक्ट नेटच्या व्यवस्थापकासारखी स्वस्त बोली निवडली.

म्हणूनच आम्हाला सर्वांत जास्त भीती वाटते ती एका आकर्षक सूचनेची: प्रत्येक कामगाराला स्वतःचा एजंट द्या, तो त्याच्यासाठी भांडेल. ऐकायला लोकशाहीवादी आहे. पण गेटावर दोनशे बदली कामगार आणि प्रत्येकाच्या खिशात एकेक एजंट, तर काय होईल? दोनशे एजंट क्षणभरात एकमेकांपेक्षा कमी बोली लावतील. पूर्वी जॉबरला निवडायला अर्धा तास लागायचा, तेवढाच वाचेल. शिवाय कंपनीचा एजंट महागडा, तिच्याकडे लाखो सौद्यांचा इतिहास. पोराचा एजंट फुकटातला, त्याला फक्त पोराची कालची कमाई आणि आज हप्ता भरायचा आहे एवढे ठाऊक. आणि हप्त्याची तारीख समोरच्याला कळली, तर सौदा मोडल्यावर पोराच्या हाती काय राहते तेही त्याला कळले.

एजंट हवाच असेल तर तो संघटनेचा हवा. दादर-परळ-लालबागच्या पोरांनी आपापल्या ऑर्डरी, अंतर, वेळ आणि मिळालेले पैसे एका वहीत एकत्र करायला सुरुवात केली, तर कंपनीचा हिशेब उलट बाजूने मांडता येईल; ती वही सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहायला आमच्याच वस्तीतली इंजिनिअर झालेली मुले-मुली आहेत, याच काचेच्या इमारतींत बसलेली. त्या एजंटाला किमान भावाच्या खाली बोली लावता येऊ नये, सभासदांच्या मतदानाशिवाय तो भाव बदलता येऊ नये, एजंट चालवणाऱ्यांना दरवर्षी निवडणुकीला उभे राहावे लागावे. संघटनेत विणकाम खात्यासारखे एखादे बंद दार राहिले आहे का, स्त्रियांना रात्रीच्या ऑर्डरी कोणत्या अटीवर मिळतात, आडनाव बघून गिऱ्हाईक दारात काय बोलते, हे प्रश्न त्या यादीत पहिल्या दिवसापासून असावेत, १९२८ सारखे कोणी येऊन बजावण्याची वाट न बघता. आणि कंपनीपुढची पहिली मागणी पैशाची नसावी. नकाराचे बटण दाबल्यावर आकडा घसरणार नाही, बोनस कापला जाणार नाही, आयडी बंद होणार नाही, एवढे आधी लेखी घ्या. दराची बोलणी त्यानंतर सुरू करू.